सकाळी किका मारून दम निघतो, दिवसभर मात्र गाडी हाफ किकला चालू: दोष घरी कसा शोधायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. १०० सीसीची कार्बोरेटरची मोटरसायकल, वय बारा वर्षं, रनिंग ५० हजारांच्या वर. रात्रभर उभी राहिली की सकाळी चोक ओढून पंधरा-वीस किका माराव्या लागतात. चालू झाल्यावरही पहिली पाच-सात मिनिटं चोक सोडला की बंद पडते. एकदा तापली की दिवसभर हाफ किकला चालू होते, फक्त स्लोला जरा वरखाली करते. प्लग नवा टाकून झाला, कार्बोरेटर साफ करून झाला. आता मेकॅनिक म्हणतो सीडीआय (प्लगच्या ठिणगीची वेळ साधणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदलू. बदलावा का?

नका बदलू, निदान एवढ्यात तरी नाही. सीडीआय, पल्सर कॉइल, इग्निशन कॉइल हे ठिणगी पाडणारे विजेचे भाग बिघडायला लागले की बहुतेक वेळा गरम झाल्यावर त्रास देतात. गाडी दहा-वीस किलोमीटर छान चालते, अचानक बंद पडते, अर्धा तास उभी केली की काही झालंच नाही अशी पुन्हा चालू होते. तुमच्या गाडीचं नेमकं उलट आहे. थंड असताना त्रास, तापल्यावर ठीक. अशा वेळी संशय जातो तो चोक, स्लो जेट (कार्बोरेटरमधलं स्लोला पेट्रोल देणारं बारीक भोक), इनटेककडे कुठून तरी आत शिरणारी हवा आणि घट्ट झालेले टॅपेट (व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा रॉकर यांच्यातली फट कमी होणं) या चौघांवर. गाडी *कधी* त्रास देते हे आधी पाहायचं आणि पाना नंतर हातात घ्यायचा. या क्रमाने गेलं की निम्मे भाग न उघडताच यादीतून बाद होतात.

थंडीत गाडी जड का उचलते तेही नीट समजून घ्या, पुढच्या सगळ्या तपासण्या त्यावरच उभ्या आहेत. पेट्रोल द्रवरूपात पेटत नाही, त्याची वाफ पेटते. थंड इंजिनात आलेल्या पेट्रोलचा बराचसा भाग मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटरपासून इंजिनापर्यंतच्या नळीच्या) आणि सिलिंडरच्या गार भिंतींना चिकटून बसतो आणि प्लगपाशी पोचणारं मिश्रण पातळ पडतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी आणि हवा जास्त (उलट झालं तर जाड). म्हणून चोकची पट्टी हवा अडवते आणि पेट्रोलचं प्रमाण वाढवते. त्यातच किकने इंजिन जेमतेम काहीशे आरपीएमने फिरतं. तेवढ्या कमी वेगात व्हॉल्व्हमधून जराशी गळती असली तरी दाबलेली हवा निसटून जायला भरपूर वेळ मिळतो. चालू इंजिनात तीच गळती जाणवत नाही. म्हणजे थोडंसं पातळ मिश्रण किंवा थोडंसं कमी कॉम्प्रेशन गरम इंजिन खपवून घेतं, थंड इंजिन घेत नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा एक आकडी होतो तेव्हा हाच दोष दुपटीने दिसतो आणि मे महिन्यात गाडी सुधारल्यासारखी वाटते. दोष मात्र तिथेच असतो.

साहित्य फार लागत नाही: प्लगचा पाना, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), साधा मल्टिमीटर, स्क्रू ड्रायव्हर, ८ आणि १० चे पाने, सुई काढलेली ५ मिलीची सिरिंज आणि एक पारदर्शक काचेची बाटली. जागा उघडी हवी. बंद गॅरेजमध्ये किंवा देवघराच्या भिंतीला लागून असलेल्या पोर्चमध्ये हे काम करू नका. आपण पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही हाताळणार आहोत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: तपासणी सकाळी, गाडी पहिल्यांदा चालू करण्याच्या आधी करायची. तापलेली गाडी मेकॅनिककडे नेली की तिथे ती हाफ किकला चालू होते आणि मग अंदाजाने भाग बदलले जातात. तुमच्या बाबतीतही बहुधा तेच झालं असावं.

पहिली सकाळ: पेट्रोल पोचतंय का

कॉक ऑन करा आणि अर्धा मिनिट थांबा, कार्बोरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी (फ्लोटची वाटी) भरू द्या. चोक पूर्ण, रेस अजिबात नाही. चोक लावून रेस पिळणं ही फार जणांची सवय आहे. थ्रॉटल उघडला की इंजिनाची ओढ चोकच्या जागी नीट बसत नाही आणि चोकचा उपयोगच संपतो. सहा किका मारा. गाडी चालू झाली नाही तर लगेच प्लग काढून तोंड पाहा.

प्लग कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल येत नाही. ओला आणि पेट्रोलचा वास असेल तर येतंय, मग प्रश्न करंटचा, कॉम्प्रेशनचा किंवा पेट्रोल जास्त होण्याचा. काळा आणि कोरड्या काजळीचा असेल तर मिश्रण फार काळ जाड चाललं आहे. काळा, तेलकट, चकचकीत असेल तर ऑइल वर येतंय, म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील. टोक पांढरंफटक असेल तर मिश्रण पातळ. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून कोरडा किंवा जेमतेम दमट प्लग निघण्याची शक्यता मला जास्त वाटते.

कोरडा निघाला तर सिरिंजने १ मिली पेट्रोल प्लगच्या भोकातून आत सोडा. १ मिली म्हणजे १ मिली, जास्त घातलं तर प्लग भिजेल आणि परीक्षा फुकट जाईल. पेट्रोलची बाटली बंद करून लांब ठेवा, प्लग बसवा, कॅप लावा, किक मारा. गाडी चालू होऊन दोन-तीन सेकंदांत बंद पडली तर करंट ठीक, कॉम्प्रेशन कामापुरतं ठीक आणि दोष पेट्रोलच्या वाटेवर. सीडीआयचा विषय तिथेच संपला. याउलट खोकलीसुद्धा नाही, तर करंट आणि कॉम्प्रेशनकडे जायचं.

आता वाटीतलं पेट्रोल पाहा. कार्बोरेटरच्या तळाला ड्रेनचा स्क्रू असतो. तो सैल करून वाटीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं हलवू नका. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसतो किंवा बाटली तिरकी केली की पाऱ्यासारखे गोल थेंब काचेवरून घरंगळतात. लालसर भुकटी दिसली तर टाकी आतून गंजली आहे. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी स्वतःत ओढून घेतं, पण मर्यादेपलीकडे पाणी झालं की ते इथेनॉलला सोबत घेऊनच तळाशी जातं आणि कॉक तळातूनच पेट्रोल उचलतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात हे नेहमीचं आहे. टाकीच्या झाकणाभोवती साचलेलं पाणी खाली नेणारी बारीक नळी चिखलाने बुजलेली असते आणि पाणी टाकीत उतरतं. ती नळी मोकळी केल्याशिवाय कार्बोरेटर कितीही वेळा साफ केला तरी महिन्याभरात तेच.

वाटी रिकामीच निघाली तर कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत सोडा आणि कॉक उघडा. सलग धार हवी, थेंब थेंब नको. थेंबच येत असतील तर टाकीचं झाकण उघडून पुन्हा पाहा. झाकण उघडताच धार सुटली तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलं आहे. तरीही थेंबच, तर कॉकची जाळी.

चोक आणि स्लो जेट

चोकचा खटका पूर्ण ओढला म्हणजे आतली पट्टी पूर्ण बंद झाली असं नाही. एअर फिल्टरकडची नळी बाजूला करून टॉर्चच्या उजेडात पट्टी स्वतः पाहा. जुन्या गाडीत खटक्याची पिन झिजते किंवा केबल ताणते आणि पट्टी पाव भाग उघडी राहते. तेवढ्यानेही सकाळच्या दहा किका वाढतात. पाहायला पाच मिनिटं लागतात, पण बहुतेक जण हे पाहतच नाहीत.

स्लो जेटवर जरा थांबू या, कारण चोक सोडल्यावर बंद पडणं आणि स्लोला वरखाली होणं या दोन्ही गोष्टी त्याच्याकडे बोट दाखवतात. सुरू होताना आणि स्लोला इंजिन जवळजवळ पूर्णपणे या एका जेटवर जगतं. त्याचं भोक साधारण ०.३५ ते ०.४ मिलिमीटर, सुईच्या टोकाएवढं. जुनं पेट्रोल उडून गेलं की मागे पिवळसर, लाखेसारखा थर राहतो आणि तो नेमका इथे बसतो. भोक पूर्ण बुजत नाही, अर्धं होतं. म्हणून गाडी चालते, रेसला ओढतेही, फक्त सकाळी आणि स्लोला उपाशी राहते.

कार्बोरेटर 'साफ केला' म्हणजे पुष्कळदा बाहेरून स्प्रे मारला आणि वाटी धुतली. जेट बाहेर काढून उजेडाकडे धरला पाहिजे. आरपार पाहा, प्रकाशाचा ठिपका गोल आणि कडा स्वच्छ दिसली पाहिजे. ठिपका अर्धचंद्रासारखा किंवा केसाळ दिसला तर जेट साफ नाही. अंगावर आडवी बारीक छिद्रं असतील तर तीही मोकळी हवीत. कार्बोरेटर क्लीनरमध्ये तासभर बुडवा, मग नायलॉनच्या ब्रशचा एखादा केस किंवा विजेच्या मऊ वायरमधली तांब्याची एक तार हलक्या हाताने फिरवा. स्टीलची तार, टाचणी, ड्रिल बिट चालणार नाही. पितळ मऊ असतं, भोक जरासं मोठं झालं तरी गाडी कायमची जाड मिश्रणावर चालेल. काही कार्बोरेटरमध्ये स्लो जेट दाबून बसवलेला असतो, निघत नाही. तिथे वाटी काढून त्याच वाटेने क्लीनर आणि मग हवा मारायची, आणि स्लोच्या छिद्रातून थ्रॉटलच्या बाजूला फवारा बाहेर येतो का ते डोळ्यांनी पाहायचं.

मिश्रणाचा बारीक स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण आत बसवा आणि किती फेरे लागले ते लिहून ठेवा. बहुतेक गाड्यांत तो दीड ते अडीच फेरे उघडा असतो. जोर लावून बसवलात तर टोकावर खाच पडते आणि मग तो कधीच नीट लागत नाही. दिशेबद्दल एक खूण लक्षात ठेवा: स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्यावर पेट्रोल वाढतं, एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्यावर हवा वाढते. ही गल्लत झाली की माणूस मिश्रण जाड करायला जातो आणि पातळ करून बसतो.

हवा कुठून शिरते

कार्बोरेटर आणि हेडच्या मध्ये काळा इन्सुलेटर आणि त्यात रबरी रिंग असते. बारा वर्षांत ती चपटी आणि कडक होते, आणि कार्बोरेटर काढून लावताना जुनीच पुन्हा वापरली तर हवा घ्यायला लागते. गाडी चालू करून स्लोला ठेवा आणि साबणाचं पाणी स्प्रेच्या बाटलीने त्या जोडावर थोडं थोडं मारा. आवाज बदलला, स्लो खाली-वर झालं तर हवा तिथूनच जाते. पेट्रोल किंवा कार्बोरेटर क्लीनर मारून ही परीक्षा करणारे आहेत, पण सायलेन्सर तिथून हातभर अंतरावर तापलेला असतो. पाण्यानेच करा.

एअर फिल्टरचं उलट आहे. तो चोंदला तर मिश्रण जाड होतं आणि प्लग काळा पडतो. फोमचा असेल तर धुता येतो. तेल लावलेला कागदी असेल तर धुवू नका, हवाही मारू नका, बदला.

दुसरी सकाळ: करंट

प्लग कॅपमध्ये लावून त्याचं लोखंडी अंग हेडच्या उघड्या धातूला घट्ट टेकवा. प्लगच्या भोकापासून लांब, आणि भोकावर फडकं ठेवा, कारण आतून पेट्रोलची वाफ बाहेर येते. सावलीत किक मारा. निळसर-पांढरी, 'टक' असा आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळी-नारिंगी, बिनआवाजाची ठिणगी अशक्त. प्लग न टेकवता, कॅप हवेत लोंबकळत ठेवून किक मारू नका, वाट न मिळालेला विजेचा दाब कॉइल आणि सीडीआयवर उलटतो.

बाहेर ठिणगी दिसली म्हणजे करंट उत्तम असं मात्र नाही. दाबलेल्या मिश्रणातून उडायला ठिणगीला मोकळ्या हवेपेक्षा कितीतरी जास्त विजेचा दाब लागतो. म्हणून प्लगचा गॅप महत्त्वाचा. या वर्गाच्या गाड्यांत तो साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर असतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. नवा प्लगसुद्धा खोक्यातून तसाच लावू नका, फीलर गेजने मोजा. बसवताना आधी बोटांनी शेवटपर्यंत फिरवा, मग नवा असेल तर पान्याने सुमारे अर्धा फेरा, जुना असेल तर पाव फेऱ्याच्याही आत. हेड ॲल्युमिनियमचं आहे, आटे गेले तर लेथवर जावं लागतं.

ठिणगी अशक्त असेल तर कॉइलच्या आधी कॅप. ती वायरमधून उलटी फिरवून काढा आणि मल्टिमीटरने मोजा. बहुतेक रेझिस्टर कॅप ५ किलो-ओहमच्या आसपास दाखवतात. काहीच दाखवत नसेल किंवा आकडा १० च्या वर असेल तर कॅप गेली. वायरचं टोक हिरवं पडलेलं असेल तर ५-६ मिलिमीटर कापा आणि ताज्या तांब्यात कॅप पुन्हा फिरवून बसवा. पावसाळ्यात सुरू झालेले कित्येक 'सीडीआयचे' दोष एवढ्यावर मिटतात.

बॅटरीचा प्रश्न गाडीगणिक बदलतो. जुन्या बऱ्याच १०० सीसी गाड्यांत सीडीआयला वीज थेट मॅग्नेटकडून मिळते, तिथे बॅटरी मेली तरी किकवर फरक पडत नाही. डीसी सीडीआयच्या, म्हणजे सीडीआय बॅटरीवर चालणाऱ्या गाडीत पडतो. चावी बंद करून रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत, १२.२ म्हणजे निम्मी उतरली. सेल्फ मारताना आकडा १० च्या बराच खाली गेला तर स्टार्टर सगळी वीज खातो आणि ठिणगीला उरत नाही.

टॅपेट: आवाज नसणं ही चांगली खूण नव्हे

पेट्रोल येतं, करंट चांगला, हवा शिरत नाही, तरी सकाळी त्रास, तर टॅपेट. ५० हजारांच्या वर रनिंग झालेल्या गाडीत मी हे आधीच तपासलं असतं. वापराने व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत हळूहळू खोल बसतो आणि टॅपेटचा गॅप वाढण्याऐवजी कमी होत जातो. गॅप शून्य झाला की व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. गाडी मात्र शांत चालते. मालक खूश, कारण टकटक नाही. थोडा सैल टॅपेट वाजतो पण लगेच इंजिन बिघडवत नाही, घट्ट टॅपेट गप्प राहून व्हॉल्व्ह जाळतो.

इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. प्लग काढा म्हणजे इंजिन हाताने सहज फिरेल. मॅग्नेटच्या झाकणावरची दोन्ही टोपणं आणि हेडवरची टॅपेटची टोपणं काढा. मधला बोल्ट इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेने फिरवून 'टी' ची खूण खाचेसमोर आणा. आता दोन्ही रॉकर बोटांनी हलवून पाहा. दोन्ही किंचित हलत असतील तर पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला आहे. एखादा ताठ असेल तर आणखी एक पूर्ण फेरा देऊन पुन्हा पाहा. ही पायरी चुकली तर पुढचं सगळं माप खोटं. दुसऱ्या फेऱ्यालाही ताठच, तर तोच तुमचा घट्ट टॅपेट.

गॅप या गाड्यांत बहुधा ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या दरम्यान असतो. तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. फीलरची पट्टी लोण्यातून सुरी जावी तशी सैल नको आणि अडकायलाही नको, ओढताना हलकासा अडसर जाणवला पाहिजे. लॉक नट आवळताना गॅप बदलतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. पहिल्या वेळी दोन-तीनदा करावं लागतं.

टॅपेट बरोबर करूनही किक हलकीच लागत असेल तर प्लगच्या भोकातून चहाच्या चमच्याएवढं, साधारण ५ मिली इंजिन ऑइल सोडा, प्लग लावा, चावी बंद ठेवून किक दाबून पाहा. किक एकदम जड झाली तर ऑइलने रिंगांची फट भरली, म्हणजे रिंगा-बोअर झिजले. काहीच फरक नाही, तर गळती व्हॉल्व्हमधून. खात्री हवी असेल तर गाडी टॉपला ठेवून, गिअर टाकून मागचा ब्रेक धरून, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा ॲडॅप्टरने प्लगच्या भोकातून हळू सोडा. सूं आवाज कार्बोरेटरमधून आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट, ऑइलच्या टोपणातून आला तर रिंगा. पहिल्या दोन्हींत फक्त हेड उतरवून व्हॉल्व्ह लॅपिंग (व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक एकमेकांवर घासून नीट मिटवणं) करायचं आहे, अख्खं हाफ इंजिन (सिलिंडर-पिस्टनचं काम) काढायची गरज नाही, आणि मेकॅनिकला हे आधीच सांगून गाडी द्या.